पाप कोणाच्या हातचं

नव्वदीच्या मधल्या वर्षांत आम्ही सुरतेच्या उधन्याला राहत होतो. घर दोन खोल्यांचं, आणि मागच्या भिंतीला लागूनच यंत्रमागांचा कारखाना. माग चालू असले की मांडणीवरची भांडी हलायची, पिंपातल्या पाण्यावर बारीक लहरी उठायच्या. नवरा हजिऱ्याच्या एका कारखान्यात फिटर होता, मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. सासूबाई आमच्याकडेच असत. त्या महानुभाव पंथाच्या, उपदेश घेतलेल्या. नवस नाही, अंगारा नाही, दुसरा कुठला देव नाही, पण जीवहिंसेच्या बाबतीत फार कडक. झाडताना मुंग्यांची रांग दिसली की केरसुणी खाली ठेवून बसायच्या, रांग जाईपर्यंत.

माझं माहेर अमळनेरचं. वडील शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. आमच्या घरात देव्हारा नव्हता. मुलींनी रडत तक्रार आणली तरी ते आधी विचारायचे, पुरावा काय? लग्न ठरताना दोन्हीकडच्यांनी जात पाहिली, शिक्षण पाहिलं, पण एका घरात देव आहे आणि एका घरात नाही याचं पुढे काय होईल, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मलाही नाही.

मला पाचवा महिना लागायचा होता तेव्हा डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी करायला सांगितली. डॉक्टरबाई जैन होत्या, वयाने पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. गल्लीतल्या सगळ्या बायका त्यांच्याकडेच जात. तपासताना त्या नेहमी काहीतरी बोलत असायच्या, भाजीचं, पावसाचं, सुनेचं. त्या दिवशी मध्येच गप्प झाल्या. पुन्हा पुन्हा पोटावर यंत्र फिरवलं. मग पोट पुसायला कापड दिलं आणि म्हणाल्या, "बेन, बाहेर कोण आलंय सोबत?"

"कोणी नाही. शाळेतून सरळ आले."

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि गुजरातीमिश्रित हिंदीत, पण अगदी सावकाश सांगितलं. बाळाची कवटी वरून तयारच झालेली नाही. मेंदू नाही म्हणावा इतकाच. हृदय चालू आहे, हातपाय आहेत, पण जन्मल्यावर ते काही तास जगेल, फार तर एखादा दिवस. याला औषध नाही.

मी विचारलं, "मग आता काय करायचं?"

"दोन रस्ते आहेत. दिवस भरू द्यायचे, नाहीतर आत्ताच मोकळं व्हायचं. कायदा पाच महिन्यांपर्यंतच परवानगी देतो, म्हणजे तुझ्याकडे थोडेच दिवस आहेत. आणि बेन, हुं आ काम नथी करती, मी ते करत नाही. कुणाचंच नाही. मुलगी नको म्हणून येतात त्यांचं तर नाहीच, पण तुझंही नाही. माझा धर्म आड येतो. सरकारी दवाखान्यात करतात, तिकडे कुणाला भेटायचं ते सांगते."

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मी तुझ्या जागी नाही," त्या म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या, पण मला तो शब्द फार लागला. दार दाखवायचं आणि वर आपण उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही, असं काहीसं मला वाटलं. रिक्षा न करता मी चालत घरी आले, आणि घरासमोरून तशीच पुढे निघून गेले. रेल्वे फाटकापर्यंत गेले, परत आले, परत गेले. बसणं नकोसं झालं होतं. पुढचे कितीतरी दिवस ते तसंच राहिलं. शाळेतही मी खुर्चीवर बसायची नाही, बाकांमधून फेऱ्या मारत शिकवायची.

नवऱ्याने ऐकलं आणि पहिल्यांदा एवढंच म्हणाला, "दुसरीकडे तपासू." दुसरीकडे तपासलं. तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त अधिक घाईत. त्यानंतर तो माझ्याशी बोलताना माझ्या पोटाकडे बघायचा नाही.

सासूबाईंना सांगायचं काम माझ्याकडेच आलं. त्या पोळ्या लाटत होत्या. सगळं ऐकून घेतलं, लाटणं थांबलं नाही. मग विचारलं, "हालस का ते?"

"हो." तेव्हा नुकतंच हलायला लागलं होतं. आतून कुणी बोटाने टिचकी मारावी तसं.

"मंग जीव शे," त्या म्हणाल्या, आणि पोळी तव्यावर टाकली. त्यांच्यापुरता विषय संपला होता.

नवऱ्याने अण्णांना फोन केला. ते दुसऱ्याच दिवशी तापी लाइनच्या गाडीने उधन्याला उतरले, पिशवीत वैद्यकशास्त्राचं कुठलंसं जुनं पुस्तक घेऊन. मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि चहा व्हायच्या आत बोलायला सुरुवात केली. "हे बघ पोरी, भावना जरा बाजूला ठेव. मेंदू नाही म्हणजे जाणीव नाही. जाणीव नाही म्हणजे सुख नाही, दुःख नाही. मग इथे कोणाला मारलं जातंय? कोणालाच नाही. आणि दिवस भरू दिलेस तर त्रास कोणाला? तुला. जिला जाणीव आहे तिला. हिशेब सरळ आहे."

"अण्णा, ते हलतं."

"प्रतिक्षिप्त क्रिया. तू मुलांना शिकवतेस ना?"

शिकवत होतेच. तापलेल्या तव्याला हात लागला की मेंदूला कळायच्या आधीच हात मागे येतो, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून समजावायची. त्या संध्याकाळी पोटात टिचकी वाजली तेव्हा मी स्वतःशी म्हटलं, प्रतिक्षिप्त क्रिया. पुन्हा वाजली, पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा माझा हात आपोआप पोटावर गेला आणि तिथेच राहिला.

दोन खोल्यांच्या घरात सासूबाई आणि अण्णा समोरासमोर आल्यावर जे व्हायचं ते झालं. सासूबाई वडीलधाऱ्या माणसाचा मान राखून बोलत, पण बोलत.

"व्याहीबुवा, ज्यानं जीव दिला तो नेईल ना त्याच्या वेळेला. आपण मधी कोण?"

"विहीणबाई, मला गेल्या वर्षी न्यूमोनिया झाला तेव्हा मी दवाखान्यात गेलो. तेव्हा मी मधे आलो की नाही? की पडून राहायला हवं होतं?"

"तुम्ही वाचाले गेले. हिले जीव माराले धाडता."

"अहो, जे मुळात जगणारच नाही त्याला मारणं कसं म्हणता येईल?"

"मग तुम्ही आम्ही तरी कोठे जगणार शेत? आपल्याले मारी टाका."

नवरा मध्ये बसून दोघांकडे बघायचा. मी भिंतीपलीकडच्या मागांचा आवाज ऐकायची. गंमत अशी की दोघांपैकी कुणाचंच मला खोटं वाटत नव्हतं. सासूबाई बोलल्या की वाटायचं, हे खरं आहे, पण यात मी कुठे आहे? माझे पुढचे महिने कुठे आहेत? अण्णा बोलले की वाटायचं, हेही खरं आहे, पण यात ते कुठे आहे, जे या क्षणी माझ्या बेंबीखाली हलतंय? दोघंही माझ्यासाठीच भांडत होती आणि दोघांनीही मला एकदाही विचारलं नाही. मी चपला घालून बाहेर पडायची.

अशीच एकदा बाहेर पडले आणि शेजारच्या ताईंच्या दारात थांबले. ताई सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या. त्यांचे यजमान रेल्वेत, घर बौद्धांचं, भुसावळकडचं. गल्लीत एखाद्याच्या अंगात आलं की "आधी रक्त तपासा" असं स्पष्ट म्हणणाऱ्या त्या एकट्याच. मला वाटलं, इथे मला सरळ उत्तर मिळेल. अण्णांसारखंच, पण बाईच्या तोंडून.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या गवार निवडत होत्या. म्हणाल्या, "खरं सांगू बाई? वॉर्डात मी हे काम करते. मदतीला उभी राहते. घरी येऊन आंघोळ करते आणि वंदनेला बसते. पंचशीलातलं पहिलंच शील जीवहिंसा न करण्याचं. तिथे आल्यावर माझी जीभ अडखळते."

मला धक्का बसला. "मग करता कशाला?"

"टेबलावर पडलेली बाईही जीवच आहे म्हणून."

"म्हणजे बरोबर आहे की चूक?"

"ते मला विचारू नको." त्या जरा चिडल्यासारख्या झाल्या. "तुम्हा लोकांना वाटतं आमच्याकडे देव नाही म्हणजे सगळं सोपं. शील कुणी वरून लादत नाही, आपलं आपण घेतो. म्हणून मोडलं तर कुणाच्या पाया पडून सुटकाही नाही. तू ठरव. ठरवलंस तर माझी ड्यूटी असेल त्या दिवशी ये, मी तुझ्यापासून हलणार नाही. नाही ठरवलंस तर नवव्या महिन्यात ये, तेव्हाही हलणार नाही."

शेवटी मी ठरवलं ते कुठल्याही युक्तिवादाने नाही. शाळेत मधल्या सुट्टीत एक सहशिक्षिका हसत जवळ आली. माझ्या पदराकडे बघून म्हणाली, "आता लपत नाही हं. डोहाळजेवण आम्ही शाळेतच करणार, हिरवी साडी माझ्याकडून." बाकीच्या दोघी-तिघी जमल्या. कुणी म्हणालं मुलगा, कुणी म्हणालं मुलगी. मी हसत उभी राहिले, आणि मला कळलं की हे मला आणखी चार महिने जमणार नाही. बाजारात, नळावर, रिक्षात, प्रत्येकाचा आशीर्वाद हसून घ्यायचा आणि आत हे माहीत असायचं. मला वेड लागेल. त्या बाळाच्या भल्यासाठी मी काही ठरवलं, असं मी आजही म्हणत नाही. ते माझ्यासाठी होतं.

घरी आल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं. अण्णा म्हणाले, "शहाणी माझी पोर." तो शब्द मला त्या वेळी नको होता. नवऱ्याने मान हलवली. सासूबाई उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसल्या. दिवेलागणीला आत आल्या, स्वयंपाक केला, मला वाढलं. पण माझ्याशी बोलल्या नाहीत.

ताईंच्या ड्यूटीच्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा सासूबाई लुगडं बदलून दारात उभ्या होत्या. नवरा म्हणाला, "आई, तू कसाले येस?" त्या म्हणाल्या, "सून एकली जाई का?" दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून त्या दिवसभर नाम घेत बसल्या. शेजारच्या बाकावर अण्णा त्यांचं पुस्तक उघडं धरून.

वॉर्डातल्या गोष्टी मी सविस्तर लिहिणार नाही. दोन डॉक्टरांनी तपासून सह्या केल्या. औषधांनी कळा आणल्या. कळा खऱ्याच होत्या. शरीराला कुठे माहीत असतं की हे कशासाठी चाललंय. ताई खरंच हलल्या नाहीत. सगळं झाल्यावर तरुण डॉक्टर माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "देखना मत, बहनजी. घर जाओ, भूल जाओ." आया ट्रे झाकून निघाली होती. ताईंनी तिला हाताने थांबवलं आणि मला विचारलं, "तुला काय हवंय?"

इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा तेवढंच विचारत होतं.

मी म्हटलं, "बघायचंय."

ताईंनी पाठ फिरवून दोन मिनिटं काहीतरी केलं. मग आणलं. तळहाताहून थोडं मोठं. डोक्याला त्यांनी गॉजची पट्टी बांधली होती, टोपड्यासारखी. भुवयांच्या जागेपर्यंत चेहरा होता. ओठ होते, अगदी नीट, मिटलेले. मुलगी होती. मी तिच्या तळव्याला बोट लावलं. ती तेव्हा हलत नव्हती.

सासूबाईंना ताईंनीच आत बोलावलं. त्या जवळ आल्या, आणि मला वाटलं नव्हतं असं त्यांनी केलं. ती पट्टी सोडली, पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पुन्हा तशीच बांधली. मग ताईंना म्हणाल्या, "हिले आम्ही लई जासूत. कचऱ्यात नही जाऊ द्यायची." डॉक्टर म्हणाला असं देत नाहीत. ताई त्याच्याशी बाहेर जाऊन बोलल्या. काय बोलल्या कोण जाणे, पण दिलं.

पुढचं मी नवऱ्याकडून ऐकलं. तापीच्या काठी जिथे लहान मुलांना पुरतात तिथे ते तिघे गेले. त्याच्या हातात कुदळ होती, म्हणून गाठोडं धरायला सासूबाईंनी अण्णांना सांगितलं. अण्णांनी ते दोन्ही हातांनी धरलं. खड्ड्याजवळ येताच त्यांनी चपला काढल्या. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही तर मानत नही ना?" अण्णा म्हणाले, "चिखल आहे. चपला खराब होतील." नवरा म्हणाला, चिखल नव्हता. परतीच्या रिक्षात दोघंही पुन्हा भांडली, कर्मावरून. अण्णा अमळनेरला गेले त्या सकाळपर्यंत भांडण मिटलं नव्हतं.

मला वाटलं होतं, आता निदान अस्वस्थपणा तरी थांबेल. थांबला नाही. त्या काळात सुरतेत पाचव्या महिन्यात सोनोग्राफी करून बाई रिकामी होऊन आली की लोक एकच अर्थ काढायचे. गल्लीने तोच काढला. शाळेत हिरव्या साडीचं म्हणणारी सहशिक्षिका माझ्याशी थंडपणे बोलू लागली. एकदा ती दुसरीला म्हणताना मी ऐकलं, "विज्ञान शिकवते म्हणे. मुलगी निघाली म्हणून पाडून आली." मी वर्गात गेले आणि फळा पुसत राहिले, पुसून झालेला फळा. काय सांगणार होते? मुलगी होती हे खरंच होतं. बाकीचं कुणाला पटवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

त्याच आठवड्यात नळावर तोच विषय निघाला. मी घरात होते, दार उघडं होतं. समोरच्या घरातली बाई मोठ्याने म्हणाली, "आजकालच्या शिकलेल्या सुना, पोटातल्या पोरीला बी सोडत नाहीत." सासूबाईंचा हंडा अर्धा भरला होता. त्यांनी तो खाली ठेवल्याचा आवाज मी ऐकला.

"मी देखेल शे," त्या म्हणाल्या. "ह्या डोळ्यांनी. तिले डोकंच नव्हतं. पोर होती म्हणून नही, डोकं नव्हतं म्हणून. पुन्हा असं बोलशी तर मनासंगे, सासूसंगे बोल, सूनसंगे नही."

त्या हंडा घेऊन आत आल्या, पिंपात ओतला. मी त्यांच्याजवळ गेले. आता आपलं मिटलं असं मला वाटलं. मी म्हटलं, "आई..."

त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "पाप ते पापच शे. ते तुनं शे, मी काही धुई देणार नही. पण खोटं पाप मी तुनावर येऊ देणार नही."

त्या वाक्याने मला बरं वाटलं की वाईट, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही नीट सांगता येत नाही. पण त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी खाली बसून, मांडी घालून जेवले.

पुढे पुन्हा दिवस राहिले. नवरा म्हणाला, दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ. मी मात्र त्याच डॉक्टरबाईंकडे गेले. का, ते मला सांगता आलं नसतं. कदाचित भांडायला गेले असेन. तपासणी झाल्यावर मी म्हटलं, "त्या वेळी तुम्ही नाही म्हणालात. तुमचे हात स्वच्छ राहिले आणि सगळं माझ्यावर आलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मलाही तसंच वाटत होतं, हात स्वच्छ राहिले म्हणून. नंतर झोप लागेना. आमच्या मुनी महाराजसाहेबांना जाऊन विचारलं, मी केलं नाही, फक्त कुठे जायचं ते सांगितलं, मग मला दोष लागतो का? ते म्हणाले, स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला संमती देणं, तिन्ही सारखंच."

"मग?"

"मग काय बेन? न सांगता तुला परत पाठवलं असतं तर ते बरं झालं असतं का? वेळ निघून गेली असती. तुझ्यानंतर अशीच आणखी एक बाई आली. तिलाही खरं सांगितलं आणि तिकडेच पाठवलं. करत मात्र अजूनही नाही." त्यांनी पेन पुन्हा उचललं. "हे बरोबर जुळत नाही, मला माहीत आहे."

माझा राग गेला नाही, पण पुढे भांडायला जागाही राहिली नाही. त्यांनी फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या आणि रागावल्या की या दिवस राहायच्या आधीपासून घ्यायला हव्या होत्या. म्हणजे पहिल्या वेळीही? मी विचारलं. त्या म्हणाल्या, कदाचित उपयोग झाला असता, कदाचित नाही. तेव्हा सगळ्यांना हे सांगायची पद्धत नव्हती. हा नवीनच काटा घेऊन मी घरी आले. अण्णांना पत्राने कळवलं तर त्यांनी उलट टपाली संभवनीयता म्हणजे काय ते समजावून लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, "गोळीनं काय व्हतं."

मुलगी झाली, धडधाकट, रडकी. सव्वा महिना सासूबाईच तिला न्हाऊ घालत. पायांवर घेऊन टाळूवर तेल ओतायच्या आणि मऊ बोटांनी जिरवायच्या. मी बाजूला बसून असायची. तेल जिरलं की मी हात पुढे करून टाळू चाचपायची. खाली ठोका लागायचा, मऊ जागेभोवती हाडाची कड लागायची. एकदा झालं की पुन्हा.

"पुरे आते," सासूबाई म्हणायच्या. "झोपू दे तिले."

मी हो म्हणायची, आणि हात तिथेच राहायचा.